उलट्या हवेत सायकल : नागपूरच्या हौशी ट्रायथलीटसाठी

जूनमधल्या एका सकाळी मौद्याजवळ कन्हानच्या पुलावर मी कठड्याला सायकल टेकवून उभा होतो. दोन्ही बाटल्या रिकाम्या, मांड्या दगड झालेल्या, आणि नागपूर अजून तीसेक किलोमीटर. जाताना भंडारा रोडवर मीटर ३८-३९ दाखवत होतं. आपण आता तयार झालो, अशी स्वतःचीच पाठ थोपटत मी पॅडल मारत होतो. प्रत्यक्षात माझी पाठ पश्चिमेची हवा थोपटत होती, हे परत फिरल्यावर पहिल्या दोन मिनिटांतच कळलं. दुधाच्या कॅन लटकवलेल्या साध्या सायकलवरून एक काका आले, माझ्या एअरो बारकडे (कोपर टेकवून, पुढे वाकून धरायचे दांडे) आणि हेल्मेटकडे बघून थांबले. "काय भाऊ, हवेशी कुस्ती खेळून राह्यले का? हळू चालवा ना. घर कुठी पळून नाही जाऊन राह्यलं."

काका पुढे गेले ते रस्त्याच्या कडेच्या झाडांच्या आडोशाने, कोपर दुमडून, एकाच लयीत. मी त्यांच्या मागे लागलो आणि घरी पोचलो. हवेत सायकल चालवायची तर मीटरवरचा वेग विसरायचा आणि पायातल्या जोराकडे लक्ष ठेवायचं, एवढंच त्या दिवशी शिकलो. पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ करणाऱ्या हौशी ट्रायथलीटसाठी खाली जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीचं तपशीलवार रूप आहे.

आधी थोडा हिशेब

जाताना हवा मागून, येताना समोरून, म्हणजे शेवटी फिट्टंफाट, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वारा पडलेला असताना ताशी ३० ने चालवलं तर अंगावर ३० ची हवा येते. समोरून १५ चा वारा असताना तोच ३० चा वेग धरायचा तर अंगावर ४५ ची हवा येते, आणि हवेला तोडायला लागणारा जोर दीडपट नाही, सव्वादोन पट लागतो. तेवढा जोर हौशी माणूस दहा मिनिटं लावेल, तासभर नाही.

स्वार आणि सायकल मिळून ८० किलो आणि पायात साधारण १४० वॉट धरून मी हे आकडे कागदावर मांडले. निवांत हवेत वेग ३० येतो, म्हणजे २० किलोमीटर जाऊन परत यायला ८० मिनिटं. १५ चा वारा असला की समोरून वेग पावणेबावीसवर घसरतो आणि मागून चाळिसाच्या जवळ जातो. जाताना ५५ मिनिटं, येताना ३०. बेरीज ८५. जोर तोच, पाच मिनिटं जास्त. कारण उघड आहे: उलट्या हवेत आपण जास्त वेळ असतो. म्हणून शर्यतीतही उलट्या हवेत चिमूटभर जास्त आणि मागच्या हवेत चिमूटभर कमी जोर लावलेला फायद्याचा. चिमूटभर म्हणजे पाच टक्के. मूठभर नाही.

पहिली पायरी : आदल्या रात्री हवा बघणे

हवामान खातं 'पश्चिमेचा वारा' म्हणतं तेव्हा तो पश्चिमेकडून येतो. ॲपमधला बाण मात्र बहुधा वारा जिकडे चाललाय तिकडे टोक करतो. नवख्यांची इथेच गफलत होते आणि पूर्ण रविवार उलटा पडतो. एकक पण तपासा. काही ॲप नॉटमध्ये दाखवतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. शिवाय अंदाजातला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. सायकलवर बसलेल्या माणसाला त्यापेक्षा कमी लागतो. आजूबाजूला झाडं-घरं असतील तर बराच कमी. सरासरी वाऱ्यापेक्षा झोताचा आकडा जास्त महत्त्वाचा. सरासरी १५ आणि झोत ३५ असेल तर मी लांबची राइड टाळतो.

सकाळी दारातून निघाल्यावर ॲप बंद आणि डोळे उघडे. पिंपळाची पानं सतत हलताहेत आणि देवळावरचा झेंडा ताठ उभा आहे, म्हणजे वारा १२ ते १९. धूळ आणि कागदाचे कपटे उडायला लागले की २० ते २८. लहान झाडं मुळापासून डोलताहेत, तर तीसच्या वर. त्या दिवशी घरात ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) बसा. कोराडीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या आपल्याला फुकटात मिळालेल्या आहेत. उत्तरेकडे मोकळं दिसलं की धुराची शेपटी कुठे वळलीय ते बघायचं. ती वरची हवा असते, खाली तितका जोर नसतो, पण दिशा साधारण कळते. वीटभट्टीचा धूर त्याहून खरं बोलतो.

आणि पहाटेच्या शांततेवर विश्वास ठेवू नका. सूर्य वर आला, जमीन तापली की वरची वेगवान हवा खाली मिसळते. साडेसहाला पानही हलत नसतं, साडेनऊला तोंडावर माती येते. परतीची हवा ही निघतानाच्या हवेपेक्षा नेहमी जोराची धरून चाला.

दुसरी पायरी : रस्ता हवेप्रमाणे निवडणे

नियम सोपा: समोरच्या हवेत निघायचं, मागच्या हवेत परतायचं. पाय ताजे असताना कष्ट, थकल्यावर ढकलणारा कोणीतरी मागे. मौद्याला मी नेमकं याच्या उलट केलं होतं.

पावसाळ्याच्या आधीपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे हवा मुख्यतः पश्चिमेची, नैर्ऋत्येची. तेव्हा अमरावती रोडने वाडी ओलांडून बाजारगावकडे किंवा काटोल रोडने फेटरी-कळमेश्वरकडे निघालं की जाताना समोरून, येताना मागून. हिंगण्याकडून झिल्पी तलावाचा रस्ताही याच हिशेबात बसतो आणि तिथे ट्रक कमी. थंडीत हवा उत्तर-ईशान्येकडे फिरते, पण जोर कमी असतो. मग रामटेकचा रस्ता घ्यावा. जाऊन-येऊन शंभराच्या आसपास होतात आणि परतताना हलकासा हात पाठीवर असतो. समृद्धी महामार्ग गुळगुळीत आहे म्हणून मोह होतो, पण तिथे दुचाकींनाच बंदी आहे, सायकलचा प्रश्नच नाही.

काटोल रोडला एक वेगळी गंमत आहे. संत्र्याच्या बागा आल्या की हवा एकदम थांबते, बाग संपून उघडं शेत आलं की आडवा धक्का बसतो, पुन्हा बाग, पुन्हा शांत. पहिल्यांदा घाबरायला होतं. नंतर बागेचं कुंपण संपताना दिसलं की हात आपोआप तयार राहतात. आडव्या हवेचा सराव करायला याहून चांगली जागा मला सापडली नाही.

तिसरी पायरी : सायकल आणि अंगावरचं

समोरचं चाक आडव्या हवेत सगळ्यात जास्त त्रास देतं, कारण हँडल त्याच्यावर फिरतं. ८० मिलिमीटरची खोल, म्हणजे उंच कडेची, रिम पुढे लावून वादळी हवेत निघणं म्हणजे हातात पतंग धरून चालण्यासारखं. वजन साठ किलोच्या आत असेल तर पुढे ४० च्या आसपास किंवा त्याहून कमीच बरी. मागे खोल रिम चालते. आणि खरं सांगायचं तर साध्या चाकांवर वर्षभर काढा, नंतर खिशाला हात घाला. शरीर वाकवून मिळतो तेवढा फायदा चाकं बदलून मिळत नाही.

फडफडणारी जर्सी, जर्सीची उघडी चेन, सुटलेला रेस नंबर हे सगळे छोटे छोटे ब्रेक आहेत. नंबरचा बिल्ला कमरेच्या पट्ट्याला दोन्हीकडून घट्ट बसवा. चष्मा डोळ्यांना लागून असलेला घ्या. आपल्याकडची धूळ बारीक असते आणि एक कण गेला की डोळा मिटून चालवायची वेळ येते. सायकलला २८ मिलिमीटर रुंदीचा टायर बसत असेल तर तोच लावा आणि हवा ठासून भरू नका. जोराच्या वाऱ्यानंतर रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे पसरलेले असतात, म्हणून दोन ट्यूब आणि एक चिमटा सोबत हवाच. टायरमध्ये अडकलेला काटा बोटांनी निघत नाही.

चौथी पायरी : समोरची हवा

गिअर एक-दोन हलका करा. पाय मिनिटाला ८५ ते ९० फिरू द्या. जड गिअरवर रेटत बसलात तर गुडघे आधी बोलतात आणि मग पळताना पाय उचलत नाहीत, आणि ट्रायथलॉनमध्ये सायकल उतरल्यावर पळायचं असतं हे विसरून चालत नाही.

कोपर आत, खांदे कानांपासून दूर, हनुवटी खाली, नजर मात्र पुढे पन्नास पावलांवर. उभं राहून पॅडल मारायचा मोह आवरा. उभं राहिलं की छातीचं शीड होतं. पॉवर मीटर (पायातला जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र) असेल तर त्याचा आकडा बघा. नसेल तर बोलून बघा: एका श्वासात चार-पाच शब्द निघाले तर लांबच्या राइडचा जोर बरोबर आहे, एकच शब्द निघाला तर तुम्ही हवेशी भांडताय. मी मीटरच्या स्क्रीनवरून वेगाचा रकानाच काढून टाकलाय. पहिले दोन आठवडे चुकल्यासारखं वाटलं.

एअरो बारवर न हलता किती वेळ राहता येतं, याचा सराव वेगळा करावा लागतो. आधी मान दुखते. पाच मिनिटांपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडं वाढवत वीस मिनिटांवर या. चाळीस किलोमीटरच्या शर्यतीला एवढं पुरतं. ९० किलोमीटरची करणार असाल तर मधून एकेक मिनिट उठून पाठ सैल करत हे पुढे न्या.

पाचवी पायरी : आडवी हवा, आणि ट्रक

ही सगळ्यात धोक्याची, आणि हिच्याबद्दल कोणी नीट सांगत नाही.

वर्धा रोडचं उदाहरण घेऊ. पश्चिमेची हवा आहे आणि तुम्ही जामठ्याच्या स्टेडियमवरून बुटीबोरीकडे निघाला आहात. हवा उजवीकडून येतेय. तोल सांभाळायला तुम्ही नकळत उजवीकडे किंचित झुकलेले आहात. आता उजवीकडून ट्रक ओलांडायला येतो. ट्रक बाजूला आला की तो हवा अडवतो, तुमचा टेकू जातो, आणि तुम्ही ज्या बाजूला झुकलेले तिकडेच, म्हणजे ट्रककडे, ओढले जाता. ट्रक पुढे गेला की अडलेली हवा एकदम येते आणि डावीकडे, मातीच्या कडेवर ढकलते. दोन सेकंदांत दोन उलट धक्के. परत येताना हवा डावीकडून असते. तेव्हा ट्रकच्या आड येणं नाही, पण प्रत्येक झोत तुम्हाला रहदारीकडे सरकवतो.

यावर उपाय असे. मागून मोठ्या गाडीचा आवाज आला की एअरो बार सोडून रुंद हँडलवर हात आणा, बोटं ब्रेकवर, दाबायचं मात्र नाही. एअरो बारवर दोन्ही हात मधोमध असतात, चाक सावरायला पकडच राहत नाही. मूठ घट्ट आवळू नका. आवळलेल्या हातातून प्रत्येक धक्का हँडलमध्ये जातो. कोपर सैल. पाय फिरते ठेवा, बसण्यापेक्षा पॅडलवर भार द्या, सायकल जमिनीला धरून राहते. पांढऱ्या पट्टीच्या अगदी कडेला चिकटून चालवू नका; डावीकडे हातभर जागा शिल्लक असावी, धक्का बसला तर जायला. उताराला हँडल थरथरायला लागलं तर एक गुडघा वरच्या नळीला टेकवा आणि मागचा ब्रेक हलके हलके दाबा.

हे आधी मोकळ्या जागी शिका. रविवारी पहाटे एखादा रिकामा, रुंद रस्ता बघा. हवा आडवी असताना एका हाताने बाटली काढा, प्या, परत ठेवा. मग एअरो बारवरून हँडलवर आणि परत, वीस वेळा. कंटाळवाणं आहे. शर्यतीत बाटली हातात असताना झोत आला की याची किंमत कळते.

जानेवारीत नागपूरकरांसाठी एक जास्तीची सूचना. संक्रांतीच्या आसपास गच्चीगच्चीवरून 'ओ काट' ऐकू येतं आणि बंदी असूनही नायलॉन मांजा रस्त्यांवर आडवा तरंगत असतो. तो दिसत नाही, आणि गळ्याला लागला तर थांबत नाही. त्या महिन्यात शहरातून जाताना, विशेषतः उड्डाणपुलांवर, गळ्याला जाड गमछा गुंडाळा, वेग निम्मा करा, आणि एअरो बार तर अजिबात नाही. उजाडायच्या आत शहराबाहेर पडलेलं सगळ्यात उत्तम.

सहावी पायरी : ऊन, पाणी, वळीव

एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिसाकडे जातो, तेव्हा हवा थंड करत नाही, भाजते. कातडीपेक्षा गरम हवा अंगावर आली तर घाम वाळणं एवढाच आधार उरतो. उलट्या हवेत घाम इतक्या पटकन वाळतो की तो आलाय हेच कळत नाही. घरी आल्यावर जर्सीवर मिठाची पांढरी रेघ दिसते तेव्हा समजतं. मागच्या हवेत त्याहून वाईट. ताशी ३५ ने चालवताय आणि मागून २५ चा वारा, म्हणजे अंगाला फक्त १० ची हवा. घाम ओघळतो, वाळत नाही, अंग आतून तापतं. परतीला वेग छान दिसतो म्हणून पाणी प्यायचं विसरू नका, डोक्यावर ओतायचं पण. मी दर पंधरा मिनिटांनी दोन मोठे घोट घेतो, तहान असो-नसो. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू-मीठ-साखर. मेमध्ये साडेपाचला उजाडतं, तेव्हा रस्त्यावर असावं आणि आठाला घरी.

मे-जूनच्या दुपारनंतर पश्चिमेला काळं दिसलं आणि अचानक गार झुळूक आली, तर ती सुखाची झुळूक नसते. ढगातून खाली कोसळलेल्या हवेची ती पुढची कड असते. दोन-चार मिनिटांत फांद्या आणि फ्लेक्स उडायला लागतात. सायकलवरून उतरा, झाडाखाली नाही, पक्क्या छताखाली. विजा संपेपर्यंत तिथेच.

सातवी पायरी : आठवड्याची मांडणी

गटाने चालवायला मजा येते, पण पहिल्या दोघांच्या मागे बसून तुम्ही हवा चुकवत असता. हौशी ट्रायथलॉनमध्ये सहसा दुसऱ्याच्या आडोशाने चालवायला परवानगी नसते, त्यामुळे आठवड्यातून एक राइड तरी एकट्याने, हवेत.

मंगळवारी उलट्या हवेत आठ-आठ मिनिटांचे चार टप्पे, मध्ये चार मिनिटं सैल. सेमिनरी हिल्सची चढण दोन-तीन मिनिटांत संपते. सलग आठ मिनिटं जोर लावायला आपल्याकडे उलट्या हवेचा सपाट रस्ताच बरा. गुरुवारी आडव्या हवेत तासभर, निवांत, फक्त हात आणि नजर. रविवारी लांबची, आणि उतरल्यावर लगेच पंधरा मिनिटं पळणं. नवखे असाल तर मंगळवारचे टप्पे दोनच करा.

आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. ती शर्यत कान्सासच्या उघड्या सपाट मैदानांतून जाते आणि तिथल्या आडव्या हवेची स्वारांना धास्ती असते. समुद्र नाही, घाट नाही म्हणून कुरकुरणाऱ्या मित्रांना मी हे नाव ऐकवतो.

शर्यतीचा दिवस

गोव्याची 'आयर्नमॅन ७०.३' ही ट्रायथलॉन शर्यत डोळ्यांसमोर ठेवून सांगतो: १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं. समुद्रकाठी जमीन तापली की हवा समुद्राकडून जमिनीकडे वाहायला लागते, साधारण दहानंतर जोर धरते. म्हणजे सायकलचा शेवटचा भाग आणि पळणं त्यातच. आदल्या दिवशी मार्ग गाडीतून बघून या आणि कुठल्या तुकड्यावर हवा समोरून, कुठे आडवी, हे कागदावर खुणा करून ठेवा. पूल आणि खाडीकाठचे उघडे तुकडे लाल पेनाने.

पोहताना लाटा एका बाजूने येत असतील तर श्वास दुसऱ्या बाजूला घ्या. दोन्हीकडे श्वास घेता येत नसेल तर आजपासून शिका.

सायकलवर पहिली दहा मिनिटं मुद्दाम कमी जोर. हवा समोरून असेल तेव्हा लोक तुम्हाला ओलांडून जातील, जाऊ द्या. आयर्नमॅनच्या नियमात हौशी स्पर्धकाने पुढच्याच्या पुढच्या चाकापासून आपल्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर ठेवायचं असतं. त्या अंतरात शिरलात तर २५ सेकंदांत ओलांडून निघायचं, नाहीतर पाच मिनिटांचा दंड. उलट्या हवेत नेमकं हेच होतं: पुढचा मंदावतो, तुम्ही नकळत त्याच्या आडोशात जाता, आणि तिथे इतकं बरं वाटतं की बाहेर निघवत नाही. पुढच्याच्या मागे सहा सायकली मावतील एवढी जागा नजरेत बसवून घ्या. दुसऱ्या शर्यतीत अंतर वेगळं असू शकतं, सूचनापत्रक वाचा. पळताना मात्र कोणाच्या मागे राहायला बंदी नाही. आपल्यापेक्षा उंच, रुंद माणूस शोधा आणि त्याच्या सावलीत पळा. मी एकदा अकरा किलोमीटर एका सहा फुटी भाऊंच्या मागे काढले. त्यांनी शेवटी वळून हसत विचारलं, "आता तुम्ही पुढे येता का थोडं?" आलो, काय करता.

खाण्याची वेळही हवेप्रमाणे. खजूर, चिक्की, जेल जे काय असेल ते मागच्या हवेत किंवा आडोशाला. समोरच्या हवेत तोंड उघडून चावत बसलात तर लय जाते. आडव्या हवेत एक हात सुटतो.

घरी आल्यावर

चेनवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा, मगच तेल. धुळीवर तेल टाकलं की सँडपेपर तयार होतो. वहीत तीन गोष्टी लिहा: हवेची दिशा, जोर किती वाटला, पाणी किती प्यायलं. वेग लिहायचा असेल तर कंसात. आणि दोन्ही टायरवरून बोट नाही, जुना मोजा फिरवा. काटा असेल तर धागा अडकतो. हे सगळं तर्री पोह्यांच्या टपरीवर बसायच्या आधी. नंतर केलं तर सायकल संध्याकाळपर्यंत पंक्चर होऊन भिंतीला टेकलेली असते.